आपल्या सर्व्हरमागची रशियन माणसं

आज प्रोजेक्टसाठी एन्जिनएक्स (वेबसाइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) सेटअप करत होतो, सहज त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. इगोर सिसोएवने मॉस्कोत रॅम्बलर या इंटरनेट कंपनीत सिस्टिम ॲडमिन असताना २००२ मध्ये हे लिहायला घेतलं, एका सर्व्हरला एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी झेपतील हा प्रश्न होता, आणि २००४ मध्ये कोड सगळ्यांसाठी खुला केला. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कोडच्या मालकीवरून एन्जिनएक्सच्या मॉस्को ऑफिसवर पोलिसांची धाड पडली!! जगाला फुकट दिलेल्या गोष्टीवरून हे, वाचून खरंच वाईट वाटलं.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते केओआय-८, म्हणजे रशियन अक्षरं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांत साठवायची पद्धत. जुन्या काळी ईमेल जाता जाता प्रत्येक अक्षराचा आठवा बिट उडायचा, म्हणून ती बनवणाऱ्यांनी रशियन अक्षरं त्यांच्या वर्णमालेच्या क्रमाने न लावता सारख्या उच्चाराच्या इंग्रजी अक्षरांच्या जागेनुसार लावली, म्हणजे बिट गेला तरी समोरच्याला रोमन लिपीत मजकूर वाचता येतो, फक्त कॅपिटल-स्मॉल उलटं होतं. काय डोकं आहे यार!

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियावरच्या निर्बंधांमुळे लिनक्स कर्नलच्या (लिनक्स सिस्टिमचा गाभा) मेंटेनर यादीतून, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून, बऱ्याच रशियन लोकांची नावं काढली. कायदा असेल, युद्धही खरंच आहे, तरी वर्षानुवर्षं पॅचेस (कोडमधले बदल) तपासणाऱ्या माणसाला साधं नीट सांगून, आभार मानून निरोप द्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.