हिरण्यकेशीच्या उलट्या वाटेनं वेंगुर्ल्याला

संकेश्वरहून वेंगुर्ला साधारण सव्वाशे किलोमीटर. आता नवा रुंद रस्ता झाल्यापासून तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. आमच्या लहानपणी पहाटे अंधारात निघायचो आणि दुपारच्या जेवणाला मावशीआज्जीच्या, म्हणजे आईच्या मावशीच्या, दारात उभे असायचो. मधला सगळा वेळ थांबत, खात, उलट्या करत, पाणी भरत जायचा. या रस्त्याबद्दल कुठं फारसं वाचायला मिळत नाही. बेळगाव-चोर्ला-गोवा यावर लोक भरभरून लिहितात. आमच्या बाजूचा गडहिंग्लज-आजरा-आंबोली हा रस्ता मात्र ज्याचा त्याच्या घरातच राहिलाय. म्हणून लिहायला घेतलं.

आमचं गाव हिरण्यकेशीच्या काठी. ही नदी आंबोलीत उगवते, आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून वाहत संकेश्वरला येते, पुढं घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेबरोबर कृष्णेत जाते. म्हणजे वेंगुर्ल्याला जायचं तर अर्ध्याहून जास्त वाट आपल्याच नदीच्या उगमाकडं जाते. नदी कधी उजवीकडं, कधी डावीकडं, कधी पुलाखाली. ती दिसली की मागच्या सीटवरची पोरं ओरडायची, "आली, आली!" आण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवता चालवता म्हणायचे, "ती येत न्हाई बाळ, आपण तिच्याकडं चाललोय."

गाडी थोरल्या काकांची फियाट. पुढं काका किंवा आण्णा, शेजारी आज्जी, मागं आई, काकू आणि मांडीवर, पायाशी, दाराला चिकटून आम्ही सगळी भावंडं. टपावर कॅरियर, त्यावर वळकटी आणि मिरचीचं पोतं. हे पोतं म्हणजे त्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान. संकेश्वरी मिरचीचं नाव कोकणात घरोघरी माहीत आहे. मालवणी मसाल्यात रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, हे तिथल्या बायकांचं ठरलेलं गणित. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चात मिरची वाळते, बाजारात येते. वेंगुर्ल्यात पाऊस लागायच्या आत वर्षाचा मसाला कुटून बरणीत जायला हवा. त्यामुळं मे महिन्यातल्या आमच्या सुट्टीची वाट आमच्याइतकीच मावशीआज्जीची बरणीही बघत असे. ऊन चढलं की टपावरच्या मिरचीचा तिखट खाट खिडकीतून आत यायचा आणि सगळी गाडी शिंकायची. काकू पदर नाकाला लावून बसायच्या. आज्जीला मात्र कधी शिंक आली नाही.

गाव सोडलं की थोड्याच वेळात हिटणीजवळ कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. पाट्यांवरची कन्नड अक्षरं मागं पडतात, मराठी सुरू होतात. बाकी काही बदलत नाही. तोच ऊस, त्याच भुईमुगाच्या शेंगा, तीच काळी माती. आज्जीचं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा तिचं लग्न होऊन ती संकेश्वरला आलेली होती. माहेर मुंबई राज्यात राहिलं, सासर म्हैसूर राज्यात गेलं. "माझं म्हायार हललं न्हाई, मी बी हललो न्हाई, मधी रेघ कोण ओढली?" असं ती नाक्यापाशी म्हणायची. दर खेपेला म्हणायची. तेव्हा ते आम्हाला तिचं नेहमीचं बोलणं वाटायचं. आता मी त्या नाक्यावरून जाते तेव्हा मला दुसरं काही सुचत नाही. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, व्यवहार दोन्हीकडं आहे, लग्नं दोन्हीकडं होतात, आणि तरी त्या रेघेवरून जाताना पोटात काहीतरी हलतं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

गडहिंग्लजला चहा. तिथून पुढं आजऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी जुनी झाडं होती. वड, आंबा, चिंच. उन्हाळ्यात या पट्ट्यात गाडी शिरली की आत गारवा यायचा. रस्ता रुंद करताना त्यातली बहुतेक झाडं गेली. रस्ता हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजरा, चंदगड भागातून आजारी माणसाला घेऊन निघालेल्यांनी जुन्या रस्त्याचे हाल सोसलेत. पण ज्यांनी त्या झाडांखाली गाडी लावून दशम्या खाल्ल्यात त्यांना आता त्या मोकळ्या उन्हातून जाताना वाईट वाटतं, तेही खरं आहे. झाडं पुन्हा लावली पाहिजेत. आणि लावून सोडून न देता जगवलीही पाहिजेत.

आजऱ्याजवळ रामतीर्थावर मोठा मुक्काम, म्हणजे तासाभराचा. इथं हिरण्यकेशी खडकांवरून उड्या घेते. मे महिन्यात पाणी कमी, पण खडकांमधल्या डोहात पाय सोडून बसता यायचं. आई डबा उघडायची. ज्वारीच्या दुधातल्या दशम्या, शेंगाचटणी, घट्ट दही, कांदा. आजऱ्यापासून हवा बदलते, शेतं बदलतात, ऊस कमी होऊन भाताची खाचरं दिसायला लागतात. आजरा घनसाळ हा इथला सुवासिक तांदूळ, त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. काकू परतताना इथून पाच-दहा किलो घ्यायच्याच. पाहुणे आले की तो शिजायचा आणि दारातून आत पाऊल टाकतानाच कळायचं.

गवसे सोडलं की जंगल. आणि मग आंबोली.

आंबोलीची उंची 690 मीटर, आणि पाऊस महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पडणाऱ्या ठिकाणांतला. पण मला आंबोली आठवते ती पावसातली नाही, मे महिन्यातली. आमच्या अंगाला संकेश्वरचा घाम असायचा आणि इथं एकदम गार वारा. गाडी मुख्य रस्त्यावरून हिरण्यकेशीच्या देवळाकडं वळायची. थोडं चालत गेलं की कातळातली गुहा, महादेवाचं देऊळ, आणि गुहेतून संथपणे बाहेर येणारं पाणी. देवळापुढं कुंड. आमच्या गावात पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहणारी, पूल बुडवणारी नदी इथं एवढीशी. पोरं तिच्यात पाऊल टाकून इकडून तिकडं उडी मारायची.

आज्जी तांब्या घेऊन कुंडाशी वाकायची. पदर कमरेला खोचलेला, एक हात काठावरच्या दगडावर. आधी पाण्यावरची पानं हाताच्या पाठीनं बाजूला सारायची, मग तांब्या आडवा करून अलगद बुडवायची, तळाचा गाळ हलू द्यायची नाही. तांब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधायची आणि वेंगुर्ल्याहून परत येईपर्यंत तो गाडीत तिच्या पायाशी उभा असायचा. आण्णा एकदा म्हणाले, "आई, हेच पाणी आपल्या दारातनं वाहतंय की. कशाला भरून घेतीस?" ती म्हणाली, "दारातलं समद्यांचं हाय. उगमाचं देवाचं."

याच कुंडातल्या एका छोट्या सोनेरी-पिवळ्या माशाची नोंद 2020 साली शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती म्हणून केली. नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 मध्ये हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. बातमी वाचली तेव्हा मी ती घरातल्या सगळ्यांना पाठवली. आपल्या नदीच्या नावाचा मासा, आणि तोही तिच्या अगदी पहिल्या पाण्यातला! आता तिथं गेलात तर कुंडात साबण, प्लास्टिक, अन्न काहीही टाकू नका, पाण्यात उतरून गाळ ढवळू नका. एवढ्याशा पाण्यात एक अख्खी जात जगतेय.

आंबोलीला उभं राहिलं की अरबी समुद्र सरळ रेषेत चाळीस-एक किलोमीटरवर. पण इथं उगवलेली हिरण्यकेशी तिकडं जात नाही. ती पूर्वेला वळते, आमच्या गावाकडं येते, आणि तिचं पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातं. आण्णांनी हे आम्हाला घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून, हातानं दिशा दाखवत सांगितलं होतं. भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीचा जलविभाजक आला तेव्हा मला तो पाठ करावा लागला नाही.

मग घाट. पोरं गप्प, आज्जीचा जप सुरू, कानाला दडे. धबधब्याच्या वळणावर मे महिन्यात नुसता ओला कातळ असायचा. हा रस्ता इंग्रजांच्या काळातला. वेंगुर्ला तेव्हा भरभराटीचं बंदर होतं, तिथं उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडं याच घाटानं वर चढायचा, आणि आंबोली ही त्या वाटेवरची मुक्कामाची जागा. पुढं रेल्वे आली, माल दुसरीकडं वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आमची फियाट त्या जुन्या मालवाहतुकीच्या वाटेनंच मिरची घेऊन खाली उतरत होती, हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर फार आनंद झाला.

दाणोलीला उतरलं की काचा खाली केल्या तरी वारा गरमच. जांभ्या दगडाचे गडगे, माडाची झाडं, कौलारू घरं, लाल धूळ. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी थोडं थांबायचं, चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर पोरांचं भांडण व्हायचं, आणि पुढं तळवडे, तुळस करत वेंगुर्ला.

मावशीआज्जी पडवीत उभीच असायची. "इलास गे बायांनो? येवा, येवा." हातपाय धुऊन होतात न होतात तोवर पोतं उघडलं जायचं. ती एक मिरची उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. बी खुळखुळली म्हणजे नीट वाळली. मग देठाशी मोडून वास घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची, आणि मान हलवायची. या मान हलवण्यासाठी आण्णा बाजारात चार ठिकाणी फिरून मिरची घ्यायचे. नंतर दोन दिवस मागच्या पडवीत चुलीवर मिरच्या, धणे, मसाल्याचं साहित्य भाजणं चालायचं आणि पोरांना बंदरावर पिटाळलं जायचं.

वेंगुर्ल्याचं बंदर हे आमचं फिरायचं ठिकाण. संध्याकाळी अर्धं गाव तिथं. धक्क्याच्या कठड्यावर बसून खारे दाणे खायचे, होड्या मोजायच्या, दूर समुद्रातले वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसतात का बघायचं, दीपगृहाचा दिवा लागला की घराकडं पळायचं. आज्जीनं आयुष्यात मासा खाल्ला नाही, पण बंदरावर ती सगळ्यांत जास्त वेळ बसायची. तिला पाणी बघायचं असायचं.

सकाळी रापण. हे मात्र आम्ही कुणीही चुकवत नसू. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकून येते, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसांच्या रांगा दोर ओढतात. टाच वाळूत रुतवायची, अंग मागं टाकायचं, एक पाऊल मागं. दोर ओला, खरखरीत, तळहाताला साल काढणारा. रांगेतला शेवटचा माणूस दोर गुंडाळून पुन्हा पाण्याकडं धावतो आणि पहिला होतो. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत जातात. शेवटी जाळ्याचा पोटाचा भाग पाण्याबाहेर येतो तेव्हा वाळूवर चांदी सांडल्यासारखे बांगडे, तारल्या उसळतात. आमच्यासारखी हौसेनं दोराला हात लावणारी पोरंसुद्धा रापणकर रिकाम्या हातानं पाठवायचे नाहीत. मूठभर मासळी मिळायचीच. ती फ्रॉकच्या ओच्यात घेऊन येण्यातला अभिमान मला अजून आठवतो.

यंदा फेब्रुवारीत आई-आण्णांना घेऊन पुन्हा गेले. गाडी मी चालवली. आण्णा शेजारी, आणि हिरण्यकेशीच्या प्रत्येक पुलावर त्यांचं बोट वर. मावशीआज्जी आता नाही, तिची सून मसाला करते. गिरणीतून दळून आणते, पण मिरची कानाशी धरून हलवते ती तशीच. बंदराजवळ आता झुलता पूल झालाय, त्यावर पोराटोरांची गर्दी असते. आईनं तो पूल धीर करून पार केला आणि पलीकडं नवाबागेच्या किनाऱ्यावर बराच वेळ उभी राहिली.

कुणाला या वाटेनं जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चात जा. तेव्हा संकेश्वर-गडहिंग्लजच्या बाजारात नवी मिरची असते, खाली ओले काजू मिळतात, आणि घाटात धुकं नसतं. जूननंतर आंबोलीत दरडी आणि गर्दी दोन्ही असतात. संकेश्वरी घेताना जवारी, म्हणजे गावठी, आहे ना विचारा, बारीक, लांब, सुरकुतलेली बघा, दर ऐकून घाबरू नका. येताना कोकमं घ्या, पण वेंगुर्ल्याच्या बाजारात सोलं हातात दाबून बघा. मऊ आणि खारट हवीत. आईचा नियम असा की मिरचीचं पोतं खाली गेलं तर कोकमाचा डबा वर आलाच पाहिजे, रिकामी गाडी घाट चढवायची नाही. पुढच्या वर्षीच्या मसाल्यासाठी सुनेनं आत्ताच चार किलो सांगून ठेवलीय.