आधी रायफल घेऊन या

"काका, कुठले पेलेट घेऊ?" शूटिंग रेंजवर नव्याने येणाऱ्या पोरांचे वडील हमखास विचारतात आणि माझ्या उत्तराने हमखास नाराज होतात. मी कंपनीचं नाव सांगत नाही. आधी रायफल घेऊन या म्हणतो.

माझी पुतणी दहा मीटर एअर रायफल खेळते. छर्रा, म्हणजेच पेलेट, 4.5 मिलिमीटरचा आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. स्पर्धेत गुण दशांशात, एका गोळीला जास्तीत जास्त 10.9. छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गेला. पोरीचा हात, श्वास, ट्रिगर सगळं जागेवर असूनही छर्राच आपल्या मनाने इकडेतिकडे जात असेल, तर तिला बोलून काय उपयोग?

डबीवर लिहिलेलं असतं 4.49, 4.50, 4.51. हा छर्र्याच्या डोक्याचा व्यास. वजन रायफलसाठी साधारण 0.53 ग्रॅम, पिस्तूलवाले थोडं हलकं घेतात. तोंड सपाट, कागदाला गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून. एवढं वाचून दुकानदार म्हणतो, "सगळे सारखेच हो, महागातला घ्या." सारखे नसतात. आमचा धंदा चादरी-टॉवेलचा. एकाच काउंटचं सूत, एकाच गिरणीचं, पण लॉट बदलला की रंग वेगळा चढतो. इथेही तसंच, कंपनी एच अँड एन घ्या नाहीतर आरडब्ल्यूएस.

म्हणून साप्ताहिक सुट्टीला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या मागाच्या शेडमध्ये चाचणी लावतो. माग चालू असताना जमीन थरथरते, तेव्हा नादच करायचा नाही. रायफलचा पुढचा भाग जाड टॉवेलात गुंडाळून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरायचा, बॅरल कधीच आवळायची नाही. टार्गेटमागे माती भरलेली लोखंडी पेटी आणि शेडचं दार आतून बंद. छर्रा बदलला की पहिले आठ-दहा मोजायचे नाहीत, बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग एका कागदावर पाच गोळ्या, म्हणजे पाचांचं मिळून एकच भोक. त्याची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्नियरने मोजायची आणि त्यातून छर्र्याचे 4.5 वजा करायचे. सहा मिलिमीटरचं भोक म्हणजे दीडचा पसारा, चांगला. आठ-नऊ आलं तर ती डबी बाजूला. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच कागद काढायचे. पुतणीच्या रायफलने सगळ्यात महागड्या 4.50 ला नाक मुरडलं आणि मधल्या भावाच्या 4.49 ला पाचही गोळ्या एकात एक घातल्या. शेजारच्या पोराच्या रायफलचं बरोब्बर उलट, आणि दोघांच्या रायफली एकाच मॉडेलच्या!

हे सगळं आमच्या मामांना थेर वाटतं. मामा फौजेतून रिटायर होऊन जुळे सोलापुरात राहतात. "काय करायलास हे? गोळी निवडायची असते होय? आम्हाला मिळेल ती घालायची." त्यांची रायफल एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, 7.62 मिलिमीटरची, सेमी-ऑटोमॅटिक. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरंच आहे. एसएलआरला गॅस रेग्युलेटर असतो. गोळीच्या गॅसनेच बोल्ट मागे जातो, खोका, म्हणजे रिकामं काडतूस, बाहेर पडतो, पुढची गोळी आत येते. गॅस कमी पडला की खोका अडकतो, म्हणून रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवायचा. म्हणजे गोळी आहे तीच, रायफलच तिच्याशी जमवून घेते. आमच्या एअर रायफलला तशी सोय नाही, एकेक छर्रा हाताने घालायचा. त्यामुळे जमवून घ्यायचं ते छर्र्यानेच.

पॉइंट टू-टूवाले, म्हणजे .22 ची काडतुसाची रायफल खेळणारे, तर आमच्याही पुढचे. लापुआ, इलीसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल पकडीत बसवून 50 मीटरवर लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो बसेल त्या लॉटच्या पेट्याच उचलतात. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ते याच 50 मीटरच्या रायफलवर, तेव्हापासून आमच्या रेंजवरची गर्दी वाढली. प्रश्न विचारणारे वडीलही वाढले.

तर करायचं काय? आधी तीन-चार जातीची एकेक डबी घ्या. कागद काढा. जमली तिचा लॉट नंबर लिहून दुकानदाराला त्याच लॉटच्या वर्षभराच्या डब्या एकदम मागा. तो कुरकुरेल, तरी मागाच. कुरिअरने आलेल्यांत कड चेपलेले छर्रे निघतात, ते वेगळे काढून सरावाला वापरा. आणि शिसं हाताला लागतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय पोरांना जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नका.