गोळी का नको, हे आधी ऐकलं

दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत लेकीची झोप दोन-तीन तासांवर आली. बोलण्याला खंड नाही, डोक्यात एकाच वेळी पन्नास बेत, आणि ऑनलाइन मागवलेली खोकी रोज दारात. त्याच्या आधीचे काही महिने ती खोलीतून बाहेर येईना, तेव्हा सगळ्यांना ते दहावीचं टेन्शन वाटलं होतं. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आणि बायपोलर, म्हणजे मन कधी अति चढणारं, कधी पार बसणारं असा आजार असल्याचं सांगितलं. लिथियम आणि ओलान्झापीन ही मूड ताळ्यावर ठेवणारी औषधं सुरू झाली, महिन्या-दीड महिन्यात पोर पूर्वीसारखी दिसायला लागली. इथवर तसं सोपं गेलं.

अवघड होतं ते पुढचं. सोळा वर्षांच्या मुलीने, बरं वाटत असताना, रोज गोळी घ्यायची.

पुढच्या रक्ततपासणीत लिथियमची पातळी ०.२ आली. तिच्यासाठी ती साधारण ०.६ ते १.० मध्ये हवी होती. म्हणजे गोळ्या पोटात जात नव्हत्या. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोलले. नंतर कळलं, ‘गोळ्या घेतेस ना?’ असं त्यांनी विचारलंच नव्हतं. ‘आठवड्यात किती चुकतात?’ असं विचारलं होतं. पहिल्या प्रश्नाला कुठलंही पोर ‘हो’ म्हणून मोकळं होतं. दुसऱ्याला खरं सांगावं लागतं. आम्ही घरीही तीच पद्धत उचलली.

तिची कारणं ऐकली तर एकही बिनबुडाचं नव्हतं. वजन वाढलं होतं, जुने ड्रेस होत नव्हते. हात किंचित थरथरायचा, बायोलॉजीच्या जर्नलमधल्या आकृत्या वेड्यावाकड्या यायच्या. तहान इतकी की क्लासमधून सारखं बाहेर जावं लागायचं आणि पोरं हसायची. चौथं कारण सगळ्यात जड होतं: ‘आधी डोकं कसलं भारी चालायचं, आता नुसती मी उरलेय.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या तिन्हींवर मात्र काहीतरी करता येत होतं.

वजन बहुतेक ओलान्झापीनमुळे होतं. तब्येत स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करून थांबवलं, आणि तिचा डॉक्टरांवर विश्वास बसला तो त्या दिवसापासून. आपलं ऐकून काही बदलतं, हे तिला दिसलं. थरथरीसाठी डोस थोडा उतरवला आणि दोन वेळच्या गोळ्या रात्री एकदम घ्यायच्या ठरवल्या. कॉलेजला न्यायच्या गोळ्या सुटल्या, लपवाछपवीही सुटली. क्लासच्या सरांना एवढंच सांगितलं की औषधामुळे तिला पाणी जास्त लागतं, बाहेर जाऊ द्या. आजाराचं नाव काढलं नाही. ते कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं.

गोळ्यांच्या स्ट्रिप आमच्या कपाटात, कुलपात असतात. लिथियम प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं आणि निराशेच्या काळात पोराचा भरवसा देता येत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. रविवारी ती वाराच्या कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या स्वतः भरते, मी नुसता बसतो. जेवण झालं की गोळी, मग दात घासणं. ‘घेतलीस का?’ हा प्रश्न घरात दिवसाला एकदाच आणि एकानेच विचारायचा. आधी मी, तिची आई आणि आजी असे तिघंही विचारायचो. गोळी विसरलीच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, हे डबीच्या झाकणावर तिनेच लिहून ठेवलंय.

तपासणीचं एक सांगून ठेवतो, कारण यात बरेच जण गोंधळतात. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. लॅबवाला म्हणतो, सकाळी सातला या, गर्दी नसते. पण रात्री साडेनऊची गोळी असेल तर साडेनऊलाच जायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. सोबत थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्याही ठरावीक काळाने होतात.

आषाढी एकादशीला आमच्याकडे सगळ्यांचा उपास. आजीचा तर पाण्याशिवायचा. लिथियम चालू असताना पाणी आणि मीठ एकदम कमी झालं की रक्तातली पातळी चढते. त्यामुळे लेकीचा उपास बंद. आजी चिडली, मग म्हणाली, ‘पोरीच्या वाटचा मी धरते.’ जुलाब-उलट्यांचंही तसंच. पाळीत पोट दुखलं की ती मैत्रिणींसारखी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायची. तीही बंद, कारण तसल्या वेदनाशामकांनी लिथियम वाढतं. त्याऐवजी पॅरासिटामॉल. ही माहिती मेडिकलवाल्याने विचारून दिली असती तर बरं झालं असतं, पण काउंटरवर कोण विचारतं?

नातेवाइकांचं एका ओळीत आटोपतो: ‘सवय लागेल, बंद करा’ म्हणणाऱ्यांना मी डॉक्टरांचा नंबर देतो. एकानेही अजून फोन केलेला नाही.

अकरावीच्या दिवाळीत तिने परत गोळ्या सोडल्या. या वेळी रक्ताच्या रिपोर्टची गरज पडली नाही. पहाटे तीनला ती कपाट रिकामं करून रंगाप्रमाणे कपडे लावत होती. डॉक्टर फोन उचलेनात म्हणून १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावला. मराठीतून बोलणारी बाई मिळाली, सकाळपर्यंत काय करायचं ते तिने शांतपणे सांगितलं. लवकर पकडल्यामुळे ॲडमिट करावं लागलं नाही. त्यानंतर लेकीने स्वतःची खुणांची यादी केली: झोप कमी, मेसेज लांबलचक, खरेदी. यातल्या दोन खुणा एका वेळी दिसल्या तर मी डॉक्टरांना फोन करायचा. तिने भांडायचं नाही, असं दोघांत ठरलंय. भांडते, पण फोन करू देते.

आता ती बारावी झाली, पुण्याला होस्टेलवर निघालीय. अठरा पूर्ण झाल्यामुळे उपचाराचे निर्णय कायद्याने तिचे. तिथल्या डॉक्टरांसाठी इथल्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घेतलंय आणि रूममेटला काय सांगायचं ते तिने ठरवलंय. स्ट्रिपचं कुलूप आता कुणाकडे, यावर मात्र अजून वाद चालू आहे.