पोपडेवाडीचे रहिवासी

बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका भिंतीचा फोटो टाकला आणि खाली विचारलं, "ही बाई कोण? आणि हिच्या पायात एकच चप्पल का?" उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते काही दोन ओळींत मावेना. त्याच आठवड्यात स्मरणिका समितीचा फोन आला, अमृतमहोत्सवी अंकासाठी मनोगत द्या म्हणून. डॉक्टर, वकील, मंत्रालयातले अधिकारी यांचे लेख आधीच आले होते. भिंती रंगवणारा मी एकटाच. म्हटलं, चला, त्या बाईबद्दलच लिहू. शाळेचा तिच्याशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

बाईचं नाव ओलूबाई. राहणार पोपडेवाडी. ही वाडी ठाण्याच्या नकाशात शोधू नका. नौपाडा, चेंदणी, कळवा, वागळे इस्टेट आणि अलीकडे खाडीपलीकडे ऐरोलीपर्यंत, जिथे जिथे रंग सुटून भिंतीने पोपडे धरले आहेत, तिथे तिथे ती थोडी थोडी वसलेली आहे.

पोटासाठी मी रंगकामाची कंत्राटं घेतो. सोसायट्या, जिने, फ्लॅट. आठवडाभर डाग लपवायचे: खरवडायचं, लांबी (म्हणजे पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. ग्राहक भिंतीवरून तळहात फिरवून बघतो, आणि काहीच लागलं नाही की पैसे देतो. रविवारी तेच ब्रश घेऊन मी याच्या बरोबर उलटं काम करतो. डाग असेल तसा ठेवतो आणि त्याच्याभोवती माणूस काढतो. बायको म्हणते, सहा दिवस खोटं बोलतोस आणि सातव्या दिवशी कबुली देतोस. मला ते तितकंसं पटत नाही. गुळगुळीत भिंतही मला आवडते; फक्त तिच्यावर काय काढावं ते सुचत नाही.

आता शाळा. आमच्या वेळी, म्हणजे १९९० नंतरच्या त्या वर्षांत, मे महिन्यात शाळेला चुना लागायचा. शिपाई मामा पिंपात कळीचा चुना भिजवायचे, तो खदखदायचा. निवला की त्यात सरस आणि चिमूटभर नीळ. नीळ कशाला, असं विचारल्यावर मामा म्हणाले, पिवळेपणा मारायला. धंद्यात पडल्यावर उरलेलं कळलं. चुन्याचा खार भल्याभल्या रंगांना खातो. प्रशियन ब्लू त्यात पार उतरून जातो, पण धुण्याची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात तग धरते. गेरू तगतो, काजळीही तगते. माझ्या वाडीतले मुख्य रंग आजही एवढेच आहेत: पांढरा, निळा, तांबडा, काळा. स्प्रेचा डबा मी फार क्वचित हातात घेतो. महाग पडतो, आणि खाडीवरचा वारा निम्मा रंग कळव्याला नेतो.

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे जी भिंत आहे, तिच्यावर मात्र मामांचा चुना कधी टिकला नाही. टाकी पाझरायची. शिक्षा झालेल्या मुलांना तिथे भिंतीकडे तोंड करून उभं करत, आणि मी तिथला कायमचा भाडेकरू होतो. तक्रार नाही, मी वर्गात खरोखरच बडबड करायचो. पण तासभर एकाच ओलीकडे बघत उभं राहिलं की तिची कड पाठ होते. दर आठवड्याला ती थोडी सरकायची. जुलैत पाठमोरी बाई दिसायची, ऑगस्टमध्ये तिच्या डोक्यावर हंडा यायचा, दिवाळीच्या सुट्टीनंतर नुसता पदर उरायचा. कित्येक वर्षांनी वाचनात आलं की लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना हेच सांगून ठेवलं आहे: डाग पडलेल्या भिंतींकडे बघत जा, त्यांत डोंगर, नद्या, लढाया सापडतात. पाचशे वर्षांपूर्वीचा सल्ला. आमच्या वर्गशिक्षकांनी मला तोच दिला होता, फक्त रागावून.

चित्रकलेच्या सरांचं देणं वेगळं आहे. एलिमेंटरीच्या तयारीत संकल्पचित्र म्हणजे माझ्यासाठी छळ. वर्तुळात फुलं-पानं बसवायची, डावीकडे जे तेच उजवीकडे. स्मरणचित्रात मात्र जीव रमायचा. एकदा विषय होता शाळेची सहल. आम्ही सगळ्यांनी बस काढली, बसपुढे ओळीने मुलं काढली, सगळी आमच्याकडे बघून हसणारी. सर वहीमागून वही बघत गेले आणि वैतागून म्हणाले, अरे, हे सगळे फोटो काढून घ्यायला आलेत का? एखाद्याची चप्पल हरवली असेल, कुणाला उलटी होत असेल, कुणी डबा लपवून खात असेल. ज्याला काही काम नाही त्याला चित्रात घेऊ नका. परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली, पण ते वाक्य राहिलं. पोपडेवाडीत आजही बिनकामाच्या माणसाला प्रवेश नाही, आणि बघणाऱ्याकडे तोंड करून कुणी उभं राहत नाही.

तोंडाचा हा नियम पुढे वारली चित्रांनी पक्का केला. वारली माणसाला नाकडोळे नसतात. डोक्याच्या जागी एक गोल, अंगाला टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. तरी कोण नाचतंय, कोण ओझ्याने वाकलंय, हे त्या त्रिकोणांच्या कलावरून कळतं. मुळात हे काम बायकांचं, लग्नघरातल्या भिंतीवरचं, गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, कापडावर आणून जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. मी वारली काढत नाही. ती ज्यांची आहे त्यांनी काढावी, सोसायटीच्या गेटवर स्टेन्सिल लावून कुणीही मारलेली वारली मला बघवत नाही. पण चेहऱ्यावर विसंबून राहायचं नाही, हे मी तिथून घेतलं.

दहावीनंतर आर्ट कॉलेजची वाट धरली नाही. एका बोर्ड पेंटरकडे हाताखाली लागलो. सूत कसं मारायचं, अक्षरं मोजून कशी बसवायची, ओल्या रंगावर हात टेकू नये म्हणून काठी कशी धरायची, हे त्याच्याकडे बघून आलं. शिकवलं असं त्याने काही नाही. मग फ्लेक्स आला आणि रंगवलेल्या बोर्डांचा धंदाच बसला. मी रंगकामात शिरलो. आणि रंगकामात शिरल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की टाकीमागची ती बाई सगळीकडे आहे.

ओलूबाईचा डावा भाग मी काढतो, उजवा पाऊस काढतो. म्हणजे ओलीची जी कड आधीच आहे ती तिची पाठ धरायची, आणि पुढे फक्त हात, बादली, पदराचा काठ जोडायचा. पावसाळ्यात ती फुगते, मी काढलेल्या रेषेबाहेर जाते. उन्हाळ्यात बारीक होते. तिला दुरुस्त करायला मी जात नाही.

खिळू हा मुलगा. भिंतीत कुणीतरी कधीतरी ठोकलेला आणि विसरलेला खिळा म्हणजे त्याची मूठ. त्या खिळ्याला लोक जे अडकवतील ती त्याची मालमत्ता. वागळे इस्टेटमधल्या खिळूकडे गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि एक झेंडूचा हार आहे. गिलावा मास्तर म्हणजे जुन्या भिंतीवर मारलेलं नव्या सिमेंटचं ठिगळ. रंग राखाडी, अंग चौकोनी, सदैव शिकवत असतात, आपल्याखाली काय झाकलंय याचा त्यांना पत्ता नसतो. (कुठल्याही एका सरांवरून घेतलेले नाहीत. विचारू नये.) पाइपअण्णा मानेने लांब आणि स्वभावाने गळके. बाकीही आहेत, पण ते अजून नीट वागायला लागलेले नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल आत्ताच काही सांगत नाही.

माणसं मला सुचतात यात माझं कौतुक फारसं नाही. त्यांना काय करता येणार नाही, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे. पोपडेवाडीत कुणाला जादू येत नाही. डाग नसलेल्या भिंतीवर कुणी राहायला जात नाही. कुणीही चार फुटांपेक्षा उंच नाही, कारण त्यांना सगळ्यात आधी मुलांनी बघावं अशी माझी इच्छा आहे. आणि सगळ्यात कडक नियम घराचा: भिंत पडली तर बिऱ्हाड हलवायचं, पण जुन्या भिंतीवर जे राहिलं ते राहिलं. पुन्हा काढून द्यायचं नाही.

चपलेची गोष्ट इथली. ओलूबाईचं पहिलं घर नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर होतं. तिने डावी चप्पल काढून उंबऱ्यापाशी ठेवलीय, असं मी काढलं होतं. इमारत पुनर्विकासाला गेली. नौपाड्यात आता कुठली इमारत जात नाही म्हणा. रहिवाशांना भाडं मिळालं, करार मिळाले. ओलूबाईला चेंदणीत एका ओल्या भिंतीवर जागा मिळाली आणि ती एका चपलेनिशी तिथे आली. मुलं म्हणतात, काका, दुसरी काढा ना, रंगाला काय तोटा? रंगाला तोटा नाही. पण मी ती काढून दिली की पोपडेवाडी संपली. मग ती नुसती चित्रं.

आणि मग कळव्याला एक प्रकार झाला. तिथल्या खिळूच्या खिळ्याला कुणीतरी खरीखुरी चप्पल टांगली. रबरी, झिजलेली, पट्टा दोऱ्याने शिवलेला. चेंदणीतली गोष्ट कळव्यापर्यंत कशी गेली कोण जाणे, पण कुणीतरी ओलूबाईची चप्पल शोधून आणली होती. मी इतका खूश झालो की जवळ जाऊन बघायलाच विसरलो. बघितली तर उजव्या पायाची. तशीच ठेवली. खिळूची शोधाशोध अजून चालू आहे, असं आता धरून चालायचं.

परवानगीबद्दल नेहमी विचारतात. मालकाला किंवा सोसायटीला विचारल्याशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो नसता तरी ज्याची भिंत त्याला विचारायला नको का? अडचण वेगळीच येते. कमिटी म्हणते, रंगवा, पण देव रंगवा, म्हणजे जिन्यात कुणी थुंकणार नाही. हे मात्र मी करत नाही. देवाला थुंकणाऱ्यांवर पहारा करायला बसवणं मला पटत नाही. एका जिन्यात देवाऐवजी गिलावा मास्तर काढून दिले. थुंकणं थांबलं नाही. पण मास्तरांना सोडून, बाजूला थुंकायला लागले. मास्तरांची जरब म्हणायची.

२००९ साली मुंबईत तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत सामान्य लोकांना रंगवायला खुली केली होती. तिथेही गेलो होतो. शेजारी सगळे कोरी, पांढरी जागा धरत होते, मी पापुद्रे सुटलेला कोपरा मागून घेतला. लगेच मिळाला. त्यासाठी भांडायला कुणीच नव्हतं.

ऐरोलीची राखुंडी ही वाडीतली सगळ्यात नवी. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि नवी मुंबईत भिंत दिसली की गुलाबी फ्लेमिंगो काढायची साथ आली. सुंदर आहेत, पण सगळेच्या सगळे गुलाबी कसे? फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी-पांढरं असतं. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं, त्याला काही वर्षं लागतात. म्हणून सिमेंटच्या एका राखाडी ठिगळावर मी पिल्लू काढलं. दर हिवाळ्यात पाहुणे खाडीत उतरले की जातो आणि गेरूचा अगदी पाणीदार हात तिच्या पंखांवरून फिरवतो. सध्या तिला गुलाबी म्हणायला मन मोठं करावं लागतं. एका मुलीने विचारलं, ही आजारी आहे का? म्हटलं, नाही गं, सहावीत आहे.

आता शाळेची जुनी इमारत पाडणार आहेत, टाकीमागच्या भिंतीसकट. समितीने मला नवी कंपाउंडची भिंत देऊ केलीय, उद्घाटनाआधी पोपडेवाडी काढून द्या म्हणून. आनंद झाला, पण उद्घाटनाआधी जमणार नाही. नव्या गिलाव्यात खार असतो, महिनाभर तरी रंग लावू नये, हे एक. दुसरं म्हणजे त्या भिंतीवर अजून कुणी राहायला आलेलं नाही. पाडकामाच्या आधी टाकीमागच्या भिंतीतला, उजवीकडून दुसऱ्या खांबाजवळचा गंजलेला खिळा तेवढा उपटून ऑफिसात ठेवायला सांगा. तो खिळूचा आहे. आणि सहावी-सातवीच्या मुलांना एक वही द्या. नव्या भिंतीवर कुठे ओल धरतेय, कुठे चीर जातेय, ते तारीख घालून लिहायचं, जमलं तर कड काढायची. शिक्षा म्हणून नव्हे, सुट्टीत.

यावर समितीतल्या एका सरांनी अभिमानाने सांगितलं, की नव्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगला दहा वर्षांची गॅरंटी आहे. मी त्याच धंद्यात आहे, सर. दोन पावसाळे थांबू या.

— एक माजी विद्यार्थी, दहावी 'क'