तुम्ही विचारलंत म्हणून: शौलाने पोराचं नाव 'लाजेचा माणूस' का ठेवलं?

संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या शौलाची, म्हणजे इस्राएलच्या पहिल्या राजाची गोष्ट आली की हा प्रश्न येतोच, आणि पोरांपेक्षा त्यांना न्यायला आलेल्या आईवडिलांकडून जास्त येतो, की अहो हिब्रूत ईश म्हणजे माणूस आणि बोशेथ म्हणजे लाज, मग ईश्बोशेथ हे नाव कुठला बाप ठेवेल, त्यातून राजा? एका आजींनी तर उत्तर पण देऊन टाकलं, म्हणाल्या नजर लागू नये म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवायचे ना, तसंच असेल. मला ते इतकं आवडलं की चूक आहे हे सांगायचं जिवावर आलं.

पण चूकच आहे. शौलाने असं नाव ठेवलंच नव्हतं.

त्या घरातली बाकीची नावं बघा ना. शौल म्हणजे मागितलेला, आपल्या भाषेत नवसाचा. थोरला योनाथान, हिब्रूत येहोनातान, म्हणजे यहोवाने, इस्राएलच्या देवाने दिलेला, सरळ देवदत्तच की. मलकीशुवातला मलकी म्हणजे माझा राजा, अबीनादाबातला अबी म्हणजे माझा बाप आणि नादाब म्हणजे उदार. सगळी कशी खानदानी नावं, आणि मध्येच एक पोरगं 'लाजेचा माणूस'?

आता बायबल उघडून १ इतिहास ८:३३ काढा. तिथे शौलाचे चार मुलगे दिलेत, योनाथान, मलकीशुवा, अबीनादाब आणि चौथा एश्बाल. हा चौथा म्हणजेच आपला ईश्बोशेथ, शौल आणि तिघे भाऊ गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत पडल्यावर शौलाचा सेनापती अबनेर याने ज्याला महनाइम गावात नेऊन गादीवर बसवलं तो. दोन वर्षं टिकला बिचारा, मग भर दुपारी झोपला असताना त्याच्याच दोन सरदारांनी मारलं. एश्बाल म्हणजे बआलाचा माणूस. हे ऐकलं की लोक अजून दचकतात, बआल म्हणजे तर मूर्तिपूजेचा देव, मग शौल पण त्यातलाच का? तसं नाही हो. बआल हा आधी साधा शब्द आहे, मालक, आणि नवरा पण, आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याला धनी म्हणायच्या तो अगदी हाच शब्द. शौलाच्या काळात यहोवाला सुद्धा बआल म्हणत असावेत, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसणार. पुढे कनानी बआलाशी वैर वाढलं तसा तो शब्द विटाळला. होशेयाच्या पुस्तकात (२:१६) देव स्वतःच म्हणतो की आता मला 'माझा बआल' म्हणू नकोस, 'माझा ईश' म्हण. दोन्हीचा अर्थ नवराच, पण एकात धनीपणा आहे आणि दुसऱ्यात आपला माणूस.

मग नकला उतरवणाऱ्या शास्त्र्यांनी काय केलं, तर काही ठिकाणी नावात बआल दिसलं तिथे बोशेथ, लाज, घालून टाकलं, बहुतेक अभ्यासकांचं असंच म्हणणं आहे. म्हणजे ती शिवी पोराला नाही, देवाच्या नावाला आहे. योनाथानाचा लंगडा मुलगा, दाईच्या हातून पडलेला, तो शमुवेलाच्या पुस्तकात मफीबोशेथ आणि इतिहासाच्या पुस्तकात मरीब्बाल. शौलाच्या आधीचा पुढारी गिदोन, त्याचं दुसरं नाव यरुब्बाल, त्याचं २ शमुवेल ११ मध्ये यरुब्बेशेथ झालं. शौलानंतर राजा झालेल्या दाविदाचा एक मुलगा तर एल्यादा पण आहे आणि बेल्यादा पण, तिथे नुसता बआल काढून एल, म्हणजे देव, बसवला, लाजेपर्यंत गेले नाहीत, दाविदाच्या घराला जरा सवलत दिली असं मला आपलं वाटतं. आणि गंमत अशी की इतिहासाचं पुस्तक शमुवेलाच्या नंतर लिहिलेलं, तरी जुनी नावं त्यातच शिल्लक राहिली.

शौलाच्या मुलींचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. थोरली मेरब, धाकटी मीखल. मीखल हे बहुधा मीखाएलचं, म्हणजे 'देवासारखा कोण', याचंच छोटं रूप. तिचं दाविदावर प्रेम होतं हे शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, दाविदाचं तिच्यावर होतं असं कुठेच नाही. इस्राएलात आजही मुलींना हे नाव सर्रास ठेवतात. एश्बाल मात्र कोणी ठेवत असेल असं वाटत नाही.

तेव्हा मात्र ठेवायचे, आणि शौलाच्याच घरात नाही. २०१२ मध्ये एला खोऱ्याजवळ खिर्बेत कियाफा इथल्या खोदकामात एका मातीच्या रांजणाचे तुकडे मिळाले, म्हणजे दावीद-गल्याथाची लढाई झाली म्हणतात त्याच खोऱ्यात. तुकडे जुळवल्यावर अक्षरं लागली, एश्बाल बेन बेदा. सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा रांजण आहे. हा बेदाचा मुलगा, राजाचा नाही, कोणीतरी दुसराच, पण नाव तेच आणि बआलासकट, रांजण भाजायच्या आधी ओल्या मातीत कोरलेलं.

त्या आजींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पोरांना कुठलं नाव शिकवतेस? मी दोन्ही शिकवते.