नांदूरमध्यमेश्वरचा आकडा

थंडीत पेपरात एक बातमी ठरलेली: नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात यंदा पक्षी वाढले, नाहीतर घटले. वाढले की सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या, घटले की हळहळ. मी तिथल्या पक्षीगणनेला जाते हे सगळ्यांना माहीत, म्हणून विचारणा माझ्याकडे येते, "ताई, असं कसं झालं?" मी उलट विचारते, त्या दिवशी पाणी किती होतं?

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, कालव्यांसाठी बांधलेला. शंभर वर्षांत त्यात गाळ साचत गेला. सिंचनाच्या हिशेबात तो तोटाच. पण त्यातूनच उथळ पाणी, चिखलाचे उंचवटे, पाणगवत तयार झालं आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं, 2019 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मात्र पाणी कधी सोडायचं हे ठरवणार जलसंपदा खातं आणि पक्षी सांभाळणार वन विभाग. वरून गंगापूर-दारणा धरणांचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी आलं, पातळी चढली, की चिखल बुडतो. शेकाट्या, तुतारी, चमचे या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच उरत नाही, ते उठून दुसरीकडे जातात. तलवार आणि थापटे ही बदकं पोहत राहतात खरी, पण त्यांनाही चरायला उथळच लागतं. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांना फारसा फरक पडत नाही. मग 'घटले' म्हणजे नेमकं काय? मेले, आलेच नाहीत, की चार किलोमीटरवरच्या तळ्यात बसलेत?

मोजणीही पेपरात वाटते तितकी सरळ नसते. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी लवकर, ऊन पाठीशी घेऊन, टेलिस्कोप लावायचा. थव्यातली दहा बदकं मोजायची, ती दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं आणि तेवढी चौकट पुढे पुढे सरकवत जायची. एवढ्यात वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी फिरला, की सगळा थवा हवेत! पुन्हा पहिल्यापासून. गावातली गाईड पोरं यात आमच्यापेक्षा तयार आहेत. लांबून नुसत्या उडण्यावरून ती गढवाल बदक ओळखतात.

पाणवेलींचं तर बोलायलाच नको. त्या माजतात नदीतून येणाऱ्या सांडपाण्यावर, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच नाशिकचं. दरवर्षी पाणवेली काढायच्या आणि वरून खत सोडत राहायचं, याला व्यवस्थापन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून मी माझ्या तक्त्यात जास्तीचे रकाने आखलेत: पाण्याची पातळी, आवर्तन चालू की बंद, उघडा चिखल अंदाजे किती, पाणवेली कुठपर्यंत. गटातल्या काहींना ही कटकट वाटते. वाटू दे. दहा वर्षांचे नुसते पक्ष्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून काही कळत नाही. त्यांच्या जोडीला पाणी मांडलं तर निदान कोणाशी भांडायचं ते तरी कळेल.

गेल्या खेपेला काठावरचे एक शेतकरी बाबा तक्ता बघून म्हणाले, "एवढं लिहिता, मग आमच्या गव्हात त्या जांभळ्या पाणकोंबड्या किती उतरतात तेही लिहा की." मुद्दा बिनतोड होता. तोही रकाना आखला आहे. आकडा मात्र बाबांनी द्यायचा, असं आमचं ठरलंय.