पाळकांवरचा विश्वास उडाला तर तो परत येतो का?

चर्चच्या पाळकांवरचा, म्हणजे पास्टरांवरचा, मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) उडालेला विश्वास परत येतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मंडळीचा विश्वास परत कसा मिळवायचा?" असं मला विचारणारे बहुतेक जण स्वतः पाळक असतात, नाहीतर पंच कमिटीतले, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे. बाकांवर बसणाऱ्यांपैकी कुणी हे विचारलेलं मला आठवत नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो: "यांना आधीपासून माहीत होतं ना?"

माझ्या मते सगळी गोम त्या प्रश्नात आहे. पाळक पाप करू शकतो हे मंडळीला ठाऊक असतं. दर रविवारी तेच तर ऐकवलं जातं. मन उठतं ते वरच्यांनी झाकलं म्हणून. २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने छापलं की जॉन गेगन या कॅथलिक धर्मगुरूबद्दल मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी बॉस्टनच्या धर्मप्रांताकडे कित्येक वर्षं येत होत्या, तरी त्याची एका धर्मग्रामातून (स्थानिक चर्चमधून) दुसऱ्यात बदली होत राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात त्या धर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. आणि २००४ मध्ये त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मानाच्या बॅसिलिकेत पद मिळालं. ज्यांची मुलं त्या धर्मग्रामांत वाढली होती, त्यांनी यातून काय समजायचं?

आणि हे फक्त कॅथलिकांचं दुखणं आहे, अशी आपली समजूत असेल तर ती सोडा. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संघाचे पुढारी सांगत आले की आमची प्रत्येक मंडळी स्वायत्त, मग अत्याचाराचे आरोप असलेल्या पाळकांची यादी आम्ही ठेवणार कशी? २०२२ च्या चौकशी अहवालात निघालं की त्यांच्याच कार्यालयात अशी यादी वर्षानुवर्षं ठेवली जात होती आणि तिच्यात सातशेहून जास्त नावं होती. म्हणजे यादी होती, फक्त मंडळ्यांसाठी नव्हती.

झाकणाऱ्यांच्या तोंडी बायबलमधलं शास्त्रवचन असतंच. "माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका" हे त्यातलं लाडकं. स्तोत्र १०५ मध्ये ते शब्द परमुलखात भटकणाऱ्या, मूठभर पूर्वजांबद्दल आहेत आणि ताकीद आहे ती राजांना. इथे मात्र ते सत्ता असलेल्यांच्या रक्षणासाठी वापरले जातात. दुसरं, १ तीमथ्य ५:१९. मंडळीच्या वडिलांविरुद्धचा, म्हणजे पुढाऱ्यांविरुद्धचा, आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय ऐकून घेऊ नये, असं ते सांगतं. बंद खोलीत झालेल्या गोष्टीला दोन साक्षीदार आणायचे कुठून, हे कुणी सांगत नाही. आणि लगेच पुढची ओवी आहे विसावी: जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा. ही मात्र मी कमिटीच्या बैठकीत कधी ऐकली नाही. एकोणिसावी कितीदा ऐकली ते विचारू नका.

असो. विश्वास परत येतो का, तर कधीकधी येतो. नुसत्या क्षमायाचनेने मात्र नाही. चिलीतल्या ओसोर्नोमध्ये २०१५ साली हुआन बारोस बिशप म्हणून आले, तेव्हा लोक काळे कपडे घालून निषेधाला उभे राहिले. फेर्नांदो कारादिमा या धर्मगुरूची दुष्कृत्यं त्यांना माहीत होती, असा आरोप होता; बारोस तो नाकारत होते. जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो आरोप म्हणजे निंदानालस्ती आहे असं म्हटलं. पण मग त्यांनी आर्चबिशप शिक्लूना यांना चौकशीला पाठवलं, सुमारे २,३०० पानांचा अहवाल आला आणि एप्रिलमध्ये पोपने आपल्या निर्णयात गंभीर चुका झाल्याचं लेखी कबूल केलं. मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी सामुदायिक राजीनामे देऊ केले, जूनमध्ये बारोस पदावरून गेले. लोक तीन वर्षं ओरडत होते. त्यांचं म्हणणं कुणी तरी बसून ऐकून घेतलं, तेव्हा कुठे गोष्ट हलली.

फ्रान्समध्ये बिशपांनी स्वतःच बाहेरचा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष झाँ-मार्क सोव्हे निवृत्त सरकारी अधिकारी. २०२१ मध्ये त्यांनी अंदाज दिला: १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून अत्याचार झालेल्या मुलांची संख्या सुमारे २,१६,०००. आकडा भयंकर, पण तो चर्चनेच बोलावलेल्या माणसांनी बाहेर आणला होता.

पैशाचंही तेच. बायबलमधला प्रेषित पौल यरुशलेमेसाठी दान नेत होता, तेव्हा त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि कारणही लिहिलं: कुणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून. प्रेषित असून त्याला साक्षीदार हवा होता; आपल्याकडे अर्पण मोजायला कोण बसतं विचारलं की पाळकसाहेबांचा अपमान होतो!

म्हणून मला विचारणाऱ्या पाळकांना मी उलट विचारते: तुमच्याविरुद्ध तक्रार करायची झाली, तर ती कुणाकडे जाते? उत्तर "माझ्याकडेच" किंवा "माझ्या मेहुण्याकडे" असेल, तर पुढचं बोलणं तिथून सुरू करावं लागतं. मंडळीने निवडलेले दोघे आणि मंडळीबाहेरचा एक तरी, जमल्यास वकील, अशांकडे ती जायला हवी. आणि गुन्हा असेल तर आधी पोलिसांकडे. यावर बहुतेक जण म्हणतात, "विचार करतो." काही पुन्हा फोन करतात.